कळ

विरानशेहेरच्या बाजारात
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि कबाबचा धूर यांच्या मधोमध
काकाचा फोटो स्टुडिओ, आठ बाय दहा.
मी तिथं चेहरे पुसते.
पाटीवर तसं लिहिलेलं नाही. पाटीवर आहे:
लग्न, सुंता, ओळखपत्र, पाच मिनिटांत.

यंत्र हुशार आहे. एक कळ दाबली की
पुटकुळी, देवीचा व्रण, न झालेली झोप,
सगळं आपसूक नितळ.
नवरीकडच्या बायका त्याचे वर पैसे देतात.

खजाल आली मंगळवारी,
कापसाच्या ट्रॅक्टरवरून उतरून, केसांत सरकीचे तंतू.
सरकारी कार्ड नवं करायचं होतं.
म्हटलं, कान झाकलेले चालतील, हनुवटी मात्र दिसली पाहिजे.
तिनं जांभळा रुमाल असा खाली ओढला
जशी कुणी उधारीची वही उघडावी.

ओठाखाली बोराएवढा सूर्य.
सूर्याखाली कंगव्याचे दात, दातांखाली ठिपके.
मनगटावर हरिणी, कारण आमच्या बोलीत
खजाल म्हणजे हरिणीच.
सगळं निळं आता हिरवट झालेलं,
टाक्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यासारखं.

पाच मिनिटांनी तिच्या हातात फोटो दिला.
तिनं तो लांब धरला, मग नाकाशी आणला.
"ही कोण?"
तुम्हीच.
"माझं तोंड कशानं धुतलंस, पोरी?"
मी हसले. ती नाही.

मग स्टुलावर बसूनच, पाठीमागे
तो निळा पडदा तसाच असताना, ती म्हणाली:

दोम लोकांचे तंबू यायचे कापणीनंतर.
त्यांतली एक बाई गोंदायची.
वाडगाभर गहू आणि तीन अंडी, एका हनुवटीला.
तव्याची काजळी, मेंढीचं पित्त
आणि दूध. पण कुणाचंही नाही चालत,
मुलगी पाजणाऱ्या आईचंच लागतं.
तेव्हा नाझे अंगावर पीत होती, माझी बहीण.
आईनं तिला बाजूला केलं
आणि तिच्या तोंडचं दूध बशीत पिळलं.
ती जी काय रडली!
माझंही रडणं त्यात कुणाला ऐकू गेलं नाही.
चांगलं होतं असं मी म्हणत नाही.
सात सुया होत्या, दोऱ्यानं आवळलेल्या,
आणि पाय धरायला दोन आत्या.

नाझे त्या हिवाळ्यात गोवरानं गेली.
तिचा फोटो नाही. कपडे पुढच्या पोरांनी फाडले.

पुढे होजा म्हणाला, या डागाखाली
वजूचं पाणी कातडीला पोचत नाही.
व्याहिणीनं तेजाब लावून बघितलं,
तिच्या गालावर आता गुलाबी पाल चिकटलेली असते.
मीही चाळीस वर्षं रुमाल ओढून घेतला.
पण आत होतं ना. माझ्या वाटणीला आलेलं
तिचं दूध होतं.

बाहेर कबाबवाला गिऱ्हाईक बोलावत होता.
काका म्हणाला, मूळ फोटो काढ, छापून दे, रांग आहे.
मी मूळ फोटो काढला.
सूर्य परत आला, कंगवा आला.
तिनं नखानं पडद्यावरचे ठिपके मोजले,
दुसऱ्यांदा मोजले.
"एक कमी आहे."
माझाच दिवा जास्त झाला होता, डावीकडचा.
त्या उजेडात उडाला असणार.

मी सगळ्यात बारीक कुंचला निवडला,
शेजारच्या ठिपक्यातून रंग उचलला.
"इथं?"
"जरा खाली."
"इथं?"
"हं."

मी कळ दाबली,
आणि स्टुलावर बसलेल्या खजालनं
झटकन हनुवटी मागे घेतली.